व्याह्याचं घोडं आणि न केलेला फोन

"ताई, मी आयुष्यभर लेखापाल होते. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी एका सेवा क्लबची सभासद झाले. गेल्या वर्षी क्लबच्या मैत्री-विनिमय कार्यक्रमात आम्ही सहा जण परदेशी गेलो होतो. मी नऊ दिवस एका कुटुंबात राहिले. घरातली बाई माझ्याच वयाची. आमची भाषा वेगळी, इंग्रजी दोघींचंही सारखंच मोडकं. मी पोचायच्या आधीच तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आत काय आहे त्याचं चित्र: चमचा, कप, काडेपेटी.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या भागात मोठा पूर आला. तिचा एका ओळीचा मेसेज आला, 'आम्ही सगळे ठीक. घर गेलं.' मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. तेव्हापासून मला चैन नाही. क्लबात विषय काढला तर सगळेच पेटले. आठ दिवसांत कपड्यांची चाळीस खोकी जमली. आमचा तोच सहा जणांचा गट स्वखर्चानं मदतीला जायचं म्हणतोय. अध्यक्षांनी बॅनर छापायला टाकलाय. आमचे हे म्हणतात, 'तुला सेवा नाही, दुसऱ्यांदा सहल करायचीय.' मुलगी म्हणते, 'गेल्या वेळी तरी फोटोंशिवाय काय केलंत?' हे मला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मी जाऊ का? की क्लबबिब म्हणजे खरंच रिकामटेकड्यांचा उद्योग?"

(पत्र बरंच कमी करून दिलं आहे. क्लबचं आणि देशाचं नाव मी गाळलंय.)

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र सहा पानी आहे. त्यात तिकिटांचे दर आहेत, खोक्यांची वर्गवारी आहे, मिस्टरांचे टोमणेसुद्धा तारीखवार आहेत. हाडाच्या लेखापालाला शोभेल असं पत्र. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एक नोंद शोधत राहिले, ती काही सापडली नाही. तुम्ही तिला फोन केलात, असं त्यात कुठंच नाही.

परदेशवारीचा बेत ठरला, चाळीस खोकी बांधून झाली, बॅनर छापखान्यात गेला, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिच्याकडे तीन आठवडे तुमचे ते जोडलेले हात तेवढे आहेत. रागावू नका. असं बऱ्याच जणांचं होतं. खोकी बांधताना काही बोलावं लागत नाही. फोनवर मात्र "घर गेलं" म्हणणाऱ्या माणसाला पुढं काय म्हणायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

तर उत्तर आधीच देऊन टाकते. आत्ता जाऊ नका. खोकी पाठवू नका. आज फोन करा. रिकामटेकड्यांच्या उद्योगाचं उत्तरही यातच आहे, पण तिथवर यायला जरा वेळ लागेल.

आपल्याकडे म्हण आहे, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. व्याही बिचारा वाईट नसतो. त्यानं प्रेमानंच घोडं धाडलेलं असतं. पण जिथं माणसांनाच पुरेना तिथं घोड्याला दाणावैरण कुठून आणायची? पूर आलेल्या गावात उतरणारी सहा परकी माणसं म्हणजे ते घोडं. तुम्हाला आकडे कळतात म्हणून आकड्यांतच मांडते. आपत्तीत काम करणाऱ्या संस्था 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. त्यांत पिणं, स्वयंपाक आणि धुणं-अंघोळ मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलेलं आहे. निवाऱ्यात माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा. तुम्ही सहा जण दहा दिवस राहिलात, तर ९०० लिटर पाणी आणि २१ चौरस मीटर छप्पर तुमच्या खात्यावर नावे पडलं. तेवढ्या छपराखाली तिथलंच सहा माणसांचं एक कुटुंब राहिलं असतं. शिवाय दुभाषी, गाडी, रस्ता माहीत असलेला माणूस. तुमच्यातल्या एकाचं पोट बिघडलं की डॉक्टर. आणि हे सगळं ज्या क्लबनं पुरवायचं, त्याच्याच सभासदांच्या घरांत गुडघाभर चिखल.

"आम्ही स्वखर्चानं जातोय" असं तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय. विमानतळापर्यंत जाता स्वखर्चानं. पुढचा खर्च त्यांचा.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई घरात बसून शहाणपण शिकवते. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यांत शिरले ते कसलंही प्रशिक्षण नसलेले साधे लोक. त्यांनी सुमारे ८०० माणसं जिवंत बाहेर काढली असं मानलं जातं, आणि ते करताना त्यांच्यातलेच शंभरेक जण गेले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" असं त्यांना विचारायची कुणाची छाती नाही. पण ते तिथलेच होते. गल्ली त्यांची, ढिगाऱ्याखालून येणारी हाक ओळखीची. पुढं त्यांच्यातल्याच काहींनी 'तोपोस' नावाचं पथक उभं केलं, सराव केला, बोगदे कसे खणायचे ते शिकले आणि मग इतर देशांत मदतीला जायला लागले. आधी शिकले, मग विमानात बसले.

आता खोकी. इथं मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण हा माझा दुखरा विषय आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका पुरानंतर मीही मोठ्या हौसेनं एका मदतकेंद्रात गेले होते. मनात चित्र होतं की आपण लहान मुलांना जवळ घेऊ, म्हाताऱ्यांना पाणी देऊ. मला काम मिळालं कपडे निवडायचं. शाळेचा हॉल होता, आणि दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत गाठोडीच गाठोडी. ओल धरलेल्या कापडाचा एक आंबूस वास असतो, तो अजून माझ्या नाकात आहे. पहिल्या गाठोड्यात हात घातला तर एक बूट निघाला. डाव्या पायाचा. उजवा शोधत मी मूर्खासारखी अर्धा तास घालवला. मग पुरुषांचे शर्ट निघाले, चांगले होते, पण एकालाही बटण नाही. कुणीतरी देण्याआधी बसून, कात्रीनं, एकेक बटण काढून घेतलं होतं. लग्नात घालायचा एक भरजरी पोशाख होता, त्याला लाँड्रीची चिठ्ठी तशीच टाचलेली. आम्ही चौघी दोन दिवस निवडत होतो, तेव्हा चार पोत्यांमागं एक पोतं कामाचं निघालं. उरलेल्या तीन पोत्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्या पूरग्रस्त गावाच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचे एक शिक्षक दारात येऊन उभे राहिले. त्यांचंही घर वाहून गेलं होतं. ते रागावले नव्हते, नुसतं आत बघत म्हणाले, "हा हॉल रिकामा असता तर चाळीस माणसं झोपली असती हो." बाहेर व्हरांड्यात, पावसाच्या झडीत, माणसं पाय पोटाशी घेऊन पडली होती. कपडे आत, माणसं बाहेर.

हे फक्त कपड्यांपुरतं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. लोक किती, तर २० लाखांच्या आत. कित्येक खोक्यांवरची भाषा तिथल्या फार्मासिस्टना वाचता येत नव्हती, कित्येक औषधं तिथं वापरातच नव्हती, आणि ती निकाली काढायची म्हणजे पुन्हा खर्च. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्येच सांगून ठेवलं होतं की दान केलेलं औषध पोचल्यावर निदान वर्षभर मुदत शिल्लक असलेलं हवं आणि ते मागितलेलं हवं. पण मदत करायचं एकदा ठरलं की मागणी आली का, हे विचारायचं भान राहत नाही. आपल्या कपाटाचा वरचा कप्पा बरेच दिवस भरलेला असतो आणि पूर हे तो रिकामा करायचं निमित्त ठरतं. तुमच्या चाळीस खोक्यांबद्दल असं म्हणत नाही. बटणं मात्र एकदा तपासा.

आणि तो बॅनर. मदतीच्या कामात फ्लेक्सचा एकच उपयोग मी पाहिलाय. लोकांनी तो उलटा करून छपरावर टाकला होता. पाणी अजिबात गळत नव्हतं.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग आमचं ते गेल्या वर्षीचं जाणं, राहणं, फोटो, सगळं वायाच की. नाही. तिथंच तुमच्या मुलीचं चुकतंय आणि तुमचंही.

रोटरी या सेवा क्लबचा जन्म आठवा. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या एका वकिलानं तीन ओळखीच्यांना जमवलं. हा माणूस लहान गावात वाढलेला, मोठ्या शहरात एकटा पडलेला. समाजसेवा त्याच्या मनात पहिल्या दिवशी नव्हती, त्याला मित्र हवे होते. आज याच्या कचेरीत, पुढच्या वेळी त्याच्या, अशा पाळीपाळीनं ते भेटायचे, त्यावरून हे नाव पडलं. सेवा मागून आली. आणि पहिलं मोठं काम काय हाती घेतलं माहितेय? १९०७ साली, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं हवीत म्हणून मागं लागले. मला हे फार आवडतं. ना घोंगडी वाटली ना हारतुरे घेतले. रस्त्यावरच्या माणसाची अडचण कुठं आहे ते चार मित्रांनी पाहिलं आणि संडास मागितले. आजही पूर ओसरलेल्या वस्तीत पाण्यापाठोपाठ निकड असते ती त्याचीच. स्फिअरच्या मानकांत २० माणसांमागं एक संडास धरलेला आहे. पण संडासापुढं उभं राहून फोटो काढता येत नाही, म्हणून देणगीदार जरा कमी मिळतात.

तर मैत्री आधी, सेवा मागून, हा क्रम या क्लबांच्या मुळातच आहे. मैत्री-विनिमयात आपण आपलं तिकीट काढून जातो आणि यजमान आपल्याला घरात ठेवून घेतो. व्यवहार इतकाच, आणि म्हणून बाहेरून ते सहलीसारखं दिसतं. नऊ दिवसांत तुम्ही काही उभारलं नाहीत, कबूल. पण आज त्या पूरग्रस्त भागात एक बाई अशी आहे, जिच्या घराची रचना तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल, जिचा फोन नंबर तुमच्याकडे आहे, आणि जी तुम्हाला "सगळं छान चाललंय" असं खोटं सांगणार नाही. मोठ्या मोठ्या मदतसंस्थांना पहिल्या आठवड्यात नेमकं हेच मिळत नाही. त्यांना सर्वेक्षण करावं लागतं. तुम्हाला विचारता येतं. आणि तीन आठवडे तुम्ही ते विचारलेलं नाही.

त्या चिठ्ठ्यांचंच बघा ना. तुम्ही त्या कौतुकानं लिहिल्यात, पण तिनं काय केलं होतं? तुम्ही यायच्या आधी ती स्वतःच्या स्वयंपाकघरात परकी होऊन उभी राहिली. भाषा न कळणाऱ्या बाईला सकाळी सहाला चहा करावासा वाटला तर कुठं अडेल, हे तिनं कप्प्याकप्प्यापुढं थांबून पाहिलं आणि मग पेन्सिल घेतली. तुम्हाला काय द्यावंसं वाटतंय याचा विचार त्यात नव्हता, तुमचं कुठं अडेल याचा होता. चाळीस खोकी भरताना तुमच्या क्लबात असं कुणी थांबलं होतं का?

फोनवर काय बोलायचं, ते सांगते. "काय पाठवू?" असं पहिल्या वाक्यात विचारू नका. त्यावर माणूस संकोचानं "काही नको" म्हणतो आणि विषय संपतो. कशी आहेस, रात्री झोप लागते का, कुठं राहताय, कोण कोण बरोबर आहे, एवढंच. ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर पुराच्या रात्रीची हकीकत खोदून काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. डॉक्टर असायची गरज नाही. "देव एक दार बंद करतो" छापाची वाक्यं मात्र कटाक्षानं टाळा. मोडकं इंग्रजी या वेळी उपयोगीच पडेल, कारण त्यात उपदेश करता येत नाही.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनला ती आपणहून काहीतरी सांगेल आणि ते तुमच्या खोक्यांत नसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. भिंती वाळवायचं यंत्र भाड्यानं मिळत नाहीये, असं असेल. विम्याचा अर्ज भरायला मदत हवी असेल. कुणाचा चष्मा वाहून गेला असेल. हसू नका, पुरात चष्मे जातात आणि साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय तो विम्याचा अर्जही वाचता येत नाही. (चष्म्यांचं काम लायन्सवाले फार वर्षं करतात. १९२५ मध्ये ओहायोत त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळे हा त्यांचा विषय झाला. त्या भागात लायन्सचा क्लब असेल तर दुसऱ्या झेंड्याखाली आहे म्हणून फोन करायला लाजू नका.)

मग पैसे. होय, शेवटी पैसेच. लोकांना हे रुक्ष वाटतं, पण पैशाला गोदाम लागत नाही, तो ओला होत नाही आणि त्याचा डावा-उजवा पाय नसतो. त्यातून ते कुटुंब स्वतःला हवं ते घेतं, आणि घेतं तिथल्याच बाजारातून. त्या दुकानदाराचंही दुकान बुडालेलं असतं, बाहेरून मालाचे डोंगर आले तर तो दुसऱ्यांदा बुडतो. फक्त पैसे कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर टाकू नका, अगदी तुमच्या मैत्रिणीच्याही नाही. त्यानं मैत्रीत हिशेब शिरतो आणि गावात तिच्याबद्दल कुजबूज होते. क्लबच्या फाउंडेशनमार्फत किंवा तिथल्या क्लबच्या अधिकृत खात्यावरच जाऊ द्या.

आणि इथं तुमची खरी कामगिरी आहे. रोटरी फाउंडेशन आपत्तीग्रस्त डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या गटाला, २५,००० डॉलरपर्यंत तातडीचं अनुदान देतं. लायन्सच्या फाउंडेशनकडेही अशी सोय आहे. पण अर्ज तिथल्या लोकांनी करायचा असतो, नंतर खर्चाचा अहवाल द्यायचा असतो. पावत्या लावायच्या, दोन चलनांचा मेळ घालायचा, खर्च शीर्षवार लिहायचा. पूर आलेल्या गावातल्या क्लबचा खजिनदारही पूरग्रस्तच असतो हो. त्याच्या पावत्या चिखलात, त्याचा लॅपटॉप पाण्यात. तुम्ही चाळीस वर्षं काय केलंत? त्यांना विचारा, "तुमच्या हिशेबाचं काम मी इथून करून देऊ का? पावत्यांचे फोटो पाठवा, मी तक्ता करते." हे वाक्य ऐकून तो माणूस फोनवर रडला तर मला आश्चर्य वाटणार नाही. चिखल उपसायला हात मिळतात. रात्री अकराला बसून ताळेबंद जुळवणारा मिळत नाही.

तुम्हाला प्रत्यक्ष जाऊनच काम करायचं असेल, अंगमेहनतीची खुमखुमी असेल, तर तीही चूक नाही. पण तयारी पूर येण्याआधीची हवी. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात हेल्स्टन नावाचं गाव आहे. तिथल्या रोटरी क्लबच्या पाठबळानं २००० साली 'शेल्टरबॉक्स' सुरू झालं. कल्पना अगदी साधी: एका कुटुंबाला पहिले काही दिवस डोक्यावर छप्पर आणि हाताशी सामान लागतं. ते आधीच ठरवून, आधीच एका पेटीत भरून ठेवायचं. तंबू, पांघरुणं, पाणी साठवायची आणि शुद्ध करायची सोय, हत्यारं. जानेवारी २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला तेव्हा त्यांची पहिली खेप गेली, १४३ पेट्यांची. तुमच्या खोक्यांत आणि त्यांच्या पेटीत फरक काय? त्यांनी भूकंपाच्या आधी विचार केला होता. पेट्यांबरोबर जाणारी त्यांची माणसंही निवडून, शिकवून, मगच पाठवली जातात. अशा कुठल्याही संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. शिकायला वेळ जाईल, जाऊ दे. पुढची आपत्ती तुमची वाट बघत थांबलीय असं नाही, पण येणार नाही असंही नाही.

क्लबाच्या बैठकीत हे सांगणं जड जाणार आहे, मला कल्पना आहे. विषय तुम्हीच काढलात आणि आता तुम्हीच घोडं अडवताय. अध्यक्षांना सगळ्यांसमोर खोडून काढू नका, आदल्या दिवशी एकटं गाठा. तोवर फोन झालेला असेल, म्हणजे तुमच्याकडे मत नसेल, माहिती असेल. "मला वाटतं जाऊ नये" असं म्हणालात तर वाद होईल. "त्यांच्याशी बोलले, त्यांना सध्या ही अमुक गोष्ट हवीय आणि माणसं नको आहेत" याच्यावर वाद घालायला कुणाला तोंड राहत नाही. कपड्यांतले चांगले असतील त्यांची विक्री ठेवा, येतील ते पैसे निधीत घाला, आणि ज्यांनी कपडे दिले त्यांना तसं स्पष्ट कळवा. एकदोघं फुरंगटतील. फुरंगटू द्या. तिकिटांचे पैसे अजून भरले नसतील तर त्यातला निम्मा भाग तरी निधीकडे वळवायची गळ घाला. सगळा मागू नका, माणसं बिथरतात.

आणि जायचं तेव्हा जा. वर्षभरानं. तोवर कॅमेरे गेलेले असतात, निधी आटलेले असतात, आणि घराच्या भिंती अर्ध्या उभ्या राहून थांबलेल्या असतात. त्या वेळी तिनं "ये" म्हटलं तर तिकीट काढा. तुम्हा सहांतले दोघंच गेलात तरी चालेल. तेव्हा खरोखर काम असतं आणि तुम्हाला झोपायला जागाही असते.

आणखी एक वाट आहे, लगेचची नाही. तुमच्याकडे मुलीची खोली रिकामी आहे असं पत्रात ओझरतं आलंय. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात पंधरा ते एकोणीस वयाची मुलं शाळेचं एक वर्ष दुसऱ्या देशात काढतात, बहुतेकदा दोन-तीन घरांत पाळीपाळीनं. यजमान कुटुंबाला याचे पैसे मिळत नाहीत. उलट घराची पाहणी होते, घरातल्या माणसांची चौकशी होते, आणि मुलाला यजमान घराबाहेरचा एक सल्लागार दिला जातो, म्हणजे तुमची तक्रार करायची झाली तर त्याला कुणीतरी असावं. मिस्टरांना हे आवडेल की नाही सांगता येत नाही. पण पुढच्या एखाद्या वर्षी त्या भागातून एखादं मूल यायचं असेल, तर तुमचं घर यादीत असू द्या. पुरातून नुकतं बाहेर पडलेल्या मुलाला घाईनं आईबापांपासून उचलून आणायचं मात्र कुणी सुचवलं, तर तिथं ठाम नाही म्हणा.

घरच्यांचं काय? मिस्टरांना सांगा, "सहल रद्द." त्यांचा मुद्दाच संपला. मुलीला काही सांगू नका. ती आठवड्याभरात स्वतःच विचारेल, आई रोज रात्री कुणाशी एवढी हातवारे करून बोलते म्हणून.

फोन व्हिडिओचा करू नका. ज्या घरात ती सध्या राहतेय ते दाखवायची तिची इच्छा नसेल. आणि नंबर लावण्याआधी तिकडे किती वाजलेत ते बघा. चिखल उपसून माणसं लवकर झोपतात.